गाण्याच्या मधोमध डबल

डबल गेला त्यानंतर रेकॉर्डिंगवाला त्याच्या घरी भेटायला गेला आणि तासभर भिंतीला टेकून नुसता बसून राहिला. बसलेली माणसं डबलच्या आठवणी काढत होती. कोणी म्हणालं, तरुणपणी तो नदीत पट्टीचा पोहायचा. कोणी म्हणालं, त्याला कुत्र्यांची भारी भीती. मेहुण्यानं सांगितलं की बहिणीच्या दोन्ही मुलींची शिक्षणं त्यानंच केली. रेकॉर्डिंगवाल्याला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. इतकी वर्षं आधी भांडण, मग सोबत, मग रोजचा चहा, आणि माणसाचं खरं नावसुद्धा त्याला त्या दिवशी दारावरच्या पाटीवर वाचून कळलं. "तुमची ओळख कशी?" असं शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "कामातून." ते खोटं नव्हतं, पण अर्धवट होतं. पूर्ण सांगायचं तर भिंतीला टेकून भागलं नसतं.

डबल हे नाव त्याच्या धंद्यानं पाडलेलं. बसथांब्यासमोर एका इमारतीच्या जिन्याखाली त्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, तर उभं राहिलं की डोक्याला जिना लागायचा आणि बसलं की गुडघ्याला गल्ला. मागच्या फळीवर कॅसेटचे डेक एकावर एक रचलेले. कोणीही कुठलीही कॅसेट घेऊन यावं, डबल तिच्यावर एकदा हात फिरवणार आणि म्हणणार, "संध्याकाळी या, डबल काढून ठेवतो." पाहता पाहता लोक त्यालाच डबल म्हणू लागले. त्याच्या आईनंही म्हणे म्हातारपणी तेच नाव धरलं.

रेकॉर्डिंगवाल्याचा धंदा नेमका उलटा. त्याचा स्टुडिओ दोन रस्ते पलीकडे, एका छापखान्याच्या वर. भिंतींना जुन्या गोधड्या ठोकलेल्या, खिडकीला दुहेरी काच, आणि छापखान्याचं यंत्र बंद झालं की मगच रेकॉर्डिंग. त्याची बायको गायची. तो काचेच्या अलीकडे, ती पलीकडे. लग्नात त्यांची जेवढी नजरानजर झाली नसेल तेवढी त्या काचेतून झाली. वाद्यवाले ठरलेले, कवी ओळखीतला, आणि कॅसेट दोघांनी मिळून काढलेली. त्यांची गाणी गावात चालायची, खेड्यापाड्यांत चालायची, बसमध्ये चालायची. फक्त ती विकली जायची डबलकडून.

नवी कॅसेट बाजारात आली की पहिलं गिऱ्हाईक डबल. सकाळी स्टुडिओ उघडायच्या आधी हा पायरीवर हजर. रोख पैसे मोजून एक कॅसेट घ्यायचा, "छान चालू दे," असा तोंडभर आशीर्वाद द्यायचा आणि जायचा. दुपारपर्यंत त्या एकीच्या शंभर झालेल्या असायच्या.

"आपली बोहनी चोराच्या हातची," बायको म्हणायची. "मग बरकत कुठून येणार?"

एकदा रेकॉर्डिंगवाला तावातावानं जिन्याखाली गेला. आयुष्यात तो कोणाशी भांडलेला नव्हता. वाटेत त्यानं चार वाक्यं पाठ केली होती. पण तो पोचला तेव्हा डबलच डोक्याला हात लावून बसलेला.

"या साहेब, बरं झालं आलात. बसा. तुम्हालाच कळेल माझं दुःख."

"मी तुमच्याशी..."

"पलीकडच्या गल्लीत एक जण माझ्या कॅसेटची कॉपी काढून विकतोय! मी इथे डेकचं हेड रोज स्पिरिटनं पुसतो, जीव तोडून माल काढतो, आणि हा आयत्या बिळावर नागोबा! लोकांना लाज राहिली नाही हो साहेब."

रेकॉर्डिंगवाल्याची चारही वाक्यं तशीच राहिली. तो चहा पिऊन परत आला. बायकोनं विचारलं, "काय म्हणाला?" तेव्हा त्याला सांगावं लागलं, "त्याचीही चोरी होतेय." त्यावर ती जे हसली, त्यानं छापखान्यातली माणसं वर बघू लागली.

या चोरीवर डबलनं जो उपाय काढला तो त्यालाच सुचावा. कॉपी काढताना प्रत्येक गाण्याच्या मधल्या वाजपाच्या जागी त्यानं आपला आवाज भरला. गाणं थांबून बासरी किंवा व्हायोलिन सुरू झालं की आतून भसाडा गळा यायचा, "ऐकत राहा, डबलची कॅसेट! बसथांब्यासमोर, जिन्याखाली!" आता कोण चोरेल बघू, असा त्याचा हिशेब. पलीकडच्या गल्लीतला तरीही चोरत राहिला, डबलच्या आवाजासकट. त्यामुळे डबलची जाहिरात फुकटात जिल्हाभर झाली.

आणि तिथेच तो फसला. रेकॉर्डिंगवाल्यानं शेवटी तक्रार दिली होती. पोलिसांना वाटलं, असल्या मालाचा उगम शोधायला महिने जातील. फौजदारांनी कॅसेट लावली. पहिलं गाणं मध्यावर आलं आणि उगमानं स्वतःच पत्ता सांगितला.

"चोरीच्या मालावर घरचा पत्ता घालणारा चोर मी पहिल्यांदाच पाहिला," फौजदार म्हणाले.

"साहेब, तो पत्ता गिऱ्हाइकांसाठी होता," डबल म्हणाला.

डेक उचलून नेताना डबल हवालदारांच्या मागेमागे फिरत होता. "वायर ओढू नका, हेड हलेल. आडवा धरा, आडवा." ते पाहवेना म्हणून रेकॉर्डिंगवाल्यानंच एक डेक वर्तमानपत्रात नीट गुंडाळून दिला. फिर्यादी आणि आरोपी मिळून जप्तीचा माल बांधतायत, हे दृश्य बसथांब्यावरच्या लोकांनी फुकट पाहिलं.

डबलला दंड झाला, पण त्यानं स्टुडिओ वाचला नाही. एक डबल गेला तर दहा आले. नंतर सीडी आल्या, मग फोन आले. मग कोणी काही विकतही घेईना आणि चोरूनही घेईना. गाणं हवेतून यायचं आणि हवेत जायचं. रेकॉर्डिंगवाला सभा-समारंभांची ध्वनिव्यवस्था बघू लागला. बायकोनं शिकवण्या धरल्या. पुढे तिच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाली. बोलणं राहिलं, गाणं गेलं. ती त्याबद्दल रडली नाही की बोलली नाही. फक्त एकदा भाजी निवडता निवडता तिनं विचारलं, "अहो, माझा आवाज कसा होता? मला नीट आठवतच नाही."

त्यानं स्टुडिओ उघडला. स्टुडिओच्या माळ्यावर मूळ रीळं ठेवलेली होती. वरच्या टाकीला गळती लागून किती काळ झाला होता देव जाणे. टेप एकमेकींना चिकटून त्यांचे दगड झाले होते. घरात एकही कॅसेट नव्हती. "ऐकून परत देतो" म्हणणाऱ्या नातेवाइकांनी नेण्याची जबाबदारी तेवढी केव्हाच पार पाडली होती. तो घरी आला आणि म्हणाला, "बघतो." "बरं," म्हणून ती पोळ्या लाटायला लागली. तेच त्याला जास्त लागलं.

मार्ग दाखवला लेकीनं. ती सुट्टीला आली ती फोन पुढे धरूनच. "बाबा, लोक आईची गाणी शोधतायत. हे बघा, कोणीतरी एक टाकलंय." त्यानं कान लावला. कढईत काही तळतंय असा आवाज, त्या तळणात कुठेतरी ती, आणि मध्येच ठणठणीत डबल.

"खाली लोकांनी लिहिलंय बघा," लेक म्हणाली. "'चांगली प्रत कोणाकडे आहे का?' शेकडोंनी लिहिलंय. आपणच नीट काढूया ना. आता लोक ऐकण्याचे पैसे देतात बाबा, थोडे थोडे, पण देतात. स्टुडिओही सुरू होईल. नव्या मुलांना तशी खोली मिळत नाहीये."

"काढायला मूळ हवं."

"ते कुठे मिळेल?"

फोनमधून पुन्हा उत्तर आलं, बसथांब्यासमोर, जिन्याखाली.

जिना होता, जिन्याखाली डबलही होता. डेकच्या जागी आता फोनची कव्हरं लटकत होती. त्यानं मान वर केली आणि ओळखलं.

"साहेब? पोलिस मागे आहेत की पुढे?"

"एकटाच आलोय. त्या जुन्या कॅसेटपैकी काही उरलंय का तुमच्याकडे?"

"दुकानातलं सगळं तर तुम्हीच बांधून दिलंत." मग तो जरा थांबला. "आई आहे."

"नमस्कार सांगा त्यांना. पण मी कॅसेटबद्दल..."

"अहो, आई म्हणजे आई कॅसेट! पहिली कॉपी. तिच्यावरून सगळी पोरं काढायची. आईला गिऱ्हाइकासमोर कधी वाजवायचं नाही, झिजते. रोज दुकान बंद केलं की मी तिला जेवणाच्या डब्यात घालून घरी न्यायचो. म्हणून जप्तीतून वाचली." मग आवाज खाली आणून म्हणाला, "फक्त एक गोष्ट आहे साहेब. तिच्यात मध्ये मध्ये मी आहे."

त्यानं आई दिली. मोबदल्यात एकच गोष्ट मागितली. "काढाल तेव्हा मला आत बसू द्या. जन्मभर कॉपी काढली, पण मूळ कसं होतं ते कधी बघितलं नाही."

गोधड्या झटकल्या, काचा पुसल्या, लेकीनं नवं यंत्र आणून जोडलं. डबल आला तो चपला जिन्यातच काढून. आत काही चालू नसताना कुजबुजत बोलू लागला. इतक्यात बायको चहा घेऊन आली आणि दारातच थबकली.

"हे का ते?"

"हेच," रेकॉर्डिंगवाला म्हणाला.

तिनं डबलला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मला वाटायचं, चांगला धिप्पाड, मिशीवाला असेल. चोर म्हणून माणसानं काही तरी दिसायला नको?"

"आवाजामुळे तसं वाटतं वहिनी."

"त्याला आवाज म्हणू नका. घ्या चहा. मी तुम्हाला वर्षानुवर्षं शिव्या दिल्यात, उचकी लागायची की नाही?"

"सारखी. मला वाटायचं, पित्त आहे."

आई लावली. तळणाचा मागमूस नाही. जरा धूसर, जरा बारीक, पण खोलीत ती गाऊ लागली. बायको किटली हातात धरून उभीच राहिली. गाणं मध्यावर आलं आणि डबल म्हणाला, "ऐकत राहा," आणि खुर्चीतल्या डबलनं कान झाकले.

काम सोपं निघालं. बहुतेक गाण्यांत मधलं वाजप दोनदा होतं आणि डबल पहिल्याच वेळी बोललेला. दुसऱ्या वेळचं कोरं वाजप उचलून पहिल्या जागी बसवायचं, की डबल गायब. रेकॉर्डिंगवाला एकेक जागा साधत गेला. प्रत्येक वेळी डबल टाळी द्यायला हात पुढे करायचा आणि स्वतःच मागे घ्यायचा. लेक म्हणायची, "काका, तुमची साफसफाई चाललीय आणि तुम्ही खूश?"

वादही व्हायचे. "तुम्ही डबल वेगानं कॉपी काढायचात, सगळी व्हायोलिनं चिरकायची," रेकॉर्डिंगवाला म्हणायचा. डबल म्हणायचा, "आणि तुम्ही चांगली चार गाणी द्यायचात आणि भरतीची चार. मी भरतीची गाळायचो. लोक त्यासाठी यायचे माझ्याकडे."

"भरतीची कुठली?" बायको आतून ओरडली.

"काही नाही वहिनी!"

शेवटच्या गाण्याला मात्र घोडं अडलं. त्यात वाजप एकदाच होतं, नुसती बासरी. त्या बासरीखाली काहीतरी हलतंय, असं रेकॉर्डिंगवाल्याला वाटलं. त्यानं आवाज वाढवला. "ऐकत राहा, डबलची कॅसेट!" आणि त्याच्या आडून, अगदी हलकेच, ती गुणगुणत होती.

त्याला लख्ख आठवलं. ते ठरलेलं नव्हतं. कडवं संपलं, बासरी सुरू झाली आणि माइक चालू आहे हे विसरून ती बासरीबरोबर गुणगुणली. त्यानं ते मुद्दाम ठेवलं. सबंध कॅसेटमध्ये त्याला सगळ्यात आवडलेली जागा ती होती, आणि हे त्यानं कोणाला कधी सांगितलं नव्हतं. त्यानं डबलचा आवाज पुसायचा प्रयत्न केला, तिचाही पुसला जाऊ लागला. तिचा वर काढला, की डबल आणखी मोठ्यानं जिन्याखाली बोलवायचा. दोघं एकमेकांत चिकटून बसलेले.

"एवढ्या सगळ्या गाण्यांत तुम्हाला बोलायला हीच जागा सापडली?" तो एकदम ओरडला. त्याचा चढलेला आवाज त्या खोलीनं कधी ऐकला नव्हता.

डबलचं तोंड उतरलं. "मला वाटलं, ती बासरीच आहे. गाण्यावर मी कधी बोललो नाही साहेब. तेवढं पथ्य होतं माझं." तो उठला आणि चपलांकडे निघाला.

"बसा," बायको म्हणाली. ती केव्हा आत आली होती, कळलं नव्हतं. "परत लावा हो."

त्यानं लावलं. तिनं ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा ती हसायला लागली, आणि शस्त्रक्रियेनंतर तिचं हसू खरखरीत झालं होतं तरी थांबेना. "अहो, हा दुकानाचा पत्ता सांगतोय आणि मी मागे आपली खुशाल गातेय! घरात फेरीवाला यावा आणि बाईनं लक्षच देऊ नये, तसं!"

"पण ती जागा..."

"राहू दे ती. काढायला गेलात तर मीही जाईन. मला मी हवी आहे. बरोबर हा मेला आला तर येऊ दे."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांनी मला याच्याशिवाय कधी ऐकलंय?" मग ती डबलकडे वळून म्हणाली, "पण नाव टाकायचं तुमचं. जो कॅसेटवर बोललाय त्याचं नाव कॅसेटवर हवं. लपूनछपून पुरे झालं."

लेकीनं विचारलं, "काका, नाव काय टाकू?"

"डबलच टाक," तो म्हणाला. "खरं नाव टाकलंस तर कोणी ओळखायचं नाही."

गाणी बाहेर आली त्या दिवशी शाळेच्या सभागृहात ती सगळ्यांना ऐकवली. खुर्च्या पुरल्या नाहीत. डबल सगळ्यात मागे, दाराला चिकटून बसला होता, म्हणजे वेळ आली तर निघता येईल. पहिलं गाणं मध्यावर आलं. रेकॉर्डिंगवाल्यानं घाम गाळून कोरी केलेली जागा, व्हायोलिन स्वच्छ, आणि सभागृहातून कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "ऐकत राहा..." चार जण हसले. दुसऱ्या गाण्याला चाळीस जण म्हणाले. तिसऱ्यापासून अख्खं सभागृह, पोराबाळांसकट, सुरात नाही पण वेळेवर, "डबलची कॅसेट! बसथांब्यासमोर, जिन्याखाली!" रेकॉर्डिंगवाल्यानं कपाळावर हात मारून घेतला. त्यानं जे पुसलं होतं ते सगळ्यांना पाठ होतं.

शेवटच्या गाण्यात लोक म्हणायला तयारच होते, आणि खुद्द डबलचा आवाज आला. क्षणभर सगळे गप्प. त्या शांततेत मागचं गुणगुणणं सगळ्यांना ऐकू आलं. मग टाळ्या. बायकोनं लेकीच्या हातातला माइक घेतला आणि आपल्या फाटक्या आवाजात म्हणाली, "तो चोर तिथे दाराशी बसलाय. पळू देऊ नका त्याला."

दोघांतिघांनी खरंच डबलला धरून पुढे आणलं.

घरी येताना ती रिक्षात म्हणाली, "बरा होता हो माझा आवाज."

"बरा?" तो म्हणाला.

"चांगला होता," ती म्हणाली आणि बाहेर बघू लागली.

त्यानंतर खोली हळूहळू चालू लागली. गिटार घेऊन मुलं येऊ लागली. शिकवणीतल्या मुली येऊ लागल्या. बायको काचेच्या अलीकडे बसून त्यांना सांगू लागली, "श्वास कुठे घेतेस, तो मला ऐकू येतोय." डबल दुपारी कव्हरांच्या दुकानाला कुलूप लावून वर यायचा. त्याला काम कोणी दिलं नव्हतं, त्यानंच घेतलं. तयार गाणं तो आपल्या तडा गेलेल्या फोनवर ऐकायचा आणि निकाल द्यायचा. "इथे भारी वाटतंय, पण बसमध्ये ढोल ऐकू येणार नाही. वाढवा." रेकॉर्डिंगवाला कुरकुरायचा आणि वाढवायचा.

एका मुलीचं गाणं बाहेर यायच्या आधीच कोणीतरी फुकट पसरवलं, त्या दिवशी डबल रागानं लाल झाला. "काय लोक आहेत! पोरीनं एवढी मेहनत केली, आणि हे आयतं उचलतात! शरम म्हणून नाही!"

रेकॉर्डिंगवाला आणि बायको दोघंही त्याच्याकडे बघत राहिले.

"माझं वेगळं होतं," डबल म्हणाला. "मी पहिली विकत घ्यायचो."

यावर चहा आला. हा वाद तसा कधी मिटला नाही.

शेवटची भेटही अशीच, ध्यानात राहण्यासारखं काही न घडलेली. दुपारची वेळ, त्या दिवशी कोणी गायला येणार नव्हतं. रेकॉर्डिंगवाला माइकची वायर जोडत बसला होता. डबलनं थोडा वेळ वर्तमानपत्र वाचलं, कोणत्या तरी बातमीवर "हं" म्हणाला, चहाचे कप विसळून ठेवले आणि चपला घातल्या.

"दार ओढून घेऊ का, साहेब?"

"राहू द्या. आज रेकॉर्डिंग नाही. वारा येतोय जरा."

"बरं. येतो मग."

"हां," रेकॉर्डिंगवाला वायरीवरून मान न उचलता म्हणाला, "या."